परकी वीण

सकाळी दहाच्या सुमाराला गॅलरीत बसून मी स्वेटरची पाठ विणत होते. हातातली सुई बदलताना विणलेला भाग मांडीवर उलटा पडला आणि सहज, काही मनात नसताना, मी त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच अडला. परत फिरवला, तर परत त्याच जागी अडला. कपाळावर ढकललेला चष्मा नाकावर घेतला, पाठ उजेडात ताणून धरली. पाठीच्या मध्यावर चार ओळींचा एक आडवा पट्टा होता, आणि तो मी विणलेला नव्हता. लोकर तीच, राखाडी. टाके मोजले, तेही तेवढेच. चूक म्हणाल तर एक नाही. पण हात माझा नव्हता. विणणाऱ्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. माझी वीण सैल. आई म्हणायची, तुझ्या स्वेटरातून वारा आत येऊन चहा पिऊन जाईल. पन्नास वर्षं मी तशीच सैल विणत आलेय आणि मला तिची लाज नाही. हा पट्टा मात्र आवळून, एकेक टाका जागच्या जागी ठोकून बसवल्यासारखा, आणि वर त्यातले टाके सगळे उलट्या अंगाला कललेले. माझे उजवीकडे झुकतात, हे डावीकडे. मी तो पट्टा नखाने खरवडून पाहिला. आपल्याच कपाटात दुसऱ्या बाईची साडी घडी घालून ठेवलेली सापडावी, तसं वाटलं.

मी पाठ पूर्ण पसरली. खालच्या काठापासून वर बोट नेत गेले. काठाला काही नाही, सगळी माझीच वीण, वाऱ्याला मोकळी. वीतभर वर गेल्यावर पहिला पट्टा, तीन ओळींचा. मग चार बोटांवर दुसरा. मग अडीच बोटांवर तिसरा. वर वर पट्टे जवळ येत गेलेले. मोजले तर सात भरले. अगं बाई, म्हटलं, हे काय चाललंय माझ्या घरात? भीती नंतर वाटली, खोटं कशाला सांगू. आधी आला तो संताप. माझ्या विणकामाला कुणी हात लावलेला मला खपत नाही. लेक सात वर्षांची असताना तिने कौतुकाने माझ्या सुईवर दोन टाके विणून ठेवले होते, तर मी ते तिच्या देखत उसवले. ती रडली होती. अजून कधीमधी टोमणा मारते.

आता घरात माणसं दोन, मी आणि हे. लेक दुसऱ्या गावी, रोज संध्याकाळी फोन करते. तिला विणता येत नाही, शिकायचं नावही पुन्हा काढलं नाही, दोष माझा. कामाला येणारी बाई केर-लादी करून अर्ध्या तासात पळते. मग राहिलं कोण? ह्यांनी चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या केल्या. दवाखान्यातून ठसे यायचे आणि हे आतल्या खोलीत डोळ्याला भिंग लावून मेणात एकेक दात रोवत बसायचे. लोक त्यांच्या दातांनी हसले, जेवले, भांडले, पण हा माणूस घरात स्वतःच्या शर्टाचं बटण कधी लावायचा नाही. तुटलं की शर्ट माझ्यापुढे आणून ठेवायचा, आजारी मांजर आणून ठेवावं तसा. हा माणूस वेणीचं डिझाइन विणणार? मला हसूच आलं, आणि ते हसू अर्ध्यावर थांबलं, कारण पट्ट्याकडे पुन्हा नजर गेली. एकेक टाका जागच्या जागी. मेणात रोवल्यासारखा.

हे तेव्हा आत चहा करत होते. "साखर किती?" म्हणून विचारलं. इतक्या वर्षांनी साखर विचारतात, हेही मला त्या क्षणी संशयास्पद वाटलं. सरळ विचारायचं होतं, अहो, माझ्या स्वेटरला हात लावलात का? पण मी एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली आहेत. चूक दिसली म्हणून प्रूफ वाचणारी बाई धावत लेखकाकडे जात नाही. ती आधी मूळ प्रत मागवते, ताळा करते, खूण करते आणि मग तोंड उघडते. दुसऱ्याच्या चुका काढण्यावरच माझं पोट भरलं. एक वेलांटी चुकलेली मला पानाच्या दुसऱ्या टोकावरून टोचायची. मुख्य तपासनीस म्हणायचे, ह्या बाईंना चूक दिसत नाही, वास येतो. मी चहा घेतला. "छान झालाय," म्हटलं. "साखर कमी आहे का?" ह्यांनी विचारलं. "छान झालाय म्हटलं ना!" मी खेकसले. हे बिस्किट बुडवत राहिले. बिस्किट तुटून कपात पडलं, ते चमच्याने काढून खाल्लं. असल्या माणसावर मी पाळत ठेवायचं ठरवत होते.

पाळत अशी ठेवली. सुईवर होती त्या ओळीला मी एक लाल दोरा बांधला, अगदी बारीक, आतल्या अंगाने. म्हणजे दोऱ्याच्या वर जे काही असेल ते आजचं. मग जेवणापर्यंत विणत बसले, बावीस ओळी घातल्या. त्यात बाराव्या ओळीला मुद्दाम एक चूक केली. वेणीचे तीन टाके पुढे घ्यायचे ते मागे घेतले, म्हणजे वेणी उलटी वळली. आंधळ्यालाही दिसावी अशी चूक. करताना हात अक्षरशः नको म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून काहीतरी चुकवत होते. उतारवयात चोरी शिकावी तसं वाटलं, आणि गंमतही वाटली, हे कबूल केलं पाहिजे. मग एका चिठ्ठीवर लिहिलं, 'बारावी ओळ, वेणी उलटी, एक,' आणि चिठ्ठी घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली. दुपारी मी दोन ते चार झोपते. त्या दिवशी डोळे मिटून जागंच राहायचं असा बेत होता. दार किलकिलं ठेवलं, तोंड भिंतीकडे न करता दाराकडे केलं, श्वास संथ सोडायला लागले, आणि कुठल्या क्षणी घोरायला लागले देव जाणे. उठले तेव्हा चार वाजून गेले होते. गॅलरीत हे वर्तमानपत्र वाचत होते. स्वेटर माझ्या खुर्चीवर, मी ठेवला होता तस्साच, सुया आडव्या, गुंडा डावीकडे. फार तस्साच. मी कधी इतका नीट ठेवत नाही.

मी स्वेटर आणि चष्म्याची डबी घेऊन न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि दिव्याखाली धरला. बाराव्या ओळीची वेणी सरळ झाली होती. सापडलास चोरा, म्हटलं. खरंच मोठ्याने म्हटलं. मग लाल दोऱ्यापासून वर बोट नेत गेले, कुठून कुठवर ह्यांचा हात आहे ते बघायला, आणि पाचव्या ओळीलाच बोट अडलं. पाचवी ते आठवी, घट्ट, डावीकडे कललेली. मग दोन ओळी माझ्या. मग अकरा ते चौदा ह्यांच्या, ती माझी मुद्दाम केलेली चूक. मग परत सतरा ते एकवीस. मी डबीतली चिठ्ठी काढून वाचली. एक, असं लिहिलं होतं. माझंच अक्षर. मी एक चूक केली होती. दुरुस्त्या तीन होत्या.

न्हाणीघरातल्या बादलीवर मी किती वेळ बसले मला माहीत नाही. डोकं मात्र भांडत होतं, ते कधी भांडायचं थांबत नाही. म्हणे, कशावरून चुका तीन होत्या? ह्यांना काय कळतं? नवशिका माणूस, बरोबर असलेलंही उसवून बसला असेल. हो, असंच असणार. आणि मुळात शिकवलं कोणी ह्यांना? इथे मला खरा मुद्दा सापडला आणि मी त्याला दोन्ही हातांनी धरलं. ते उलट्या अंगाला कललेले टाके. पुस्तकातून शिकलेल्याचे असे होत नाहीत. ते होतात फक्त एका रीतीने, शिकवणारी समोर बसली तर. मला आईने असंच शिकवलं होतं. ती पलंगावर, मी खाली तिच्या समोर, दोघींच्या हातात सुया. ती उजवीकडून दोरा घ्यायची तर मला तो डावीकडून दिसायचा, मी तसाच घ्यायचे. आरशात बघून भांग पाडावा तसं. सहा महिने मी सगळं जग उलटं विणत होते. मग मावशीने एकदा माझा मफलर हातात घेतला आणि आईला म्हणाली, "अगं, पोरीला शेजारी बसवून शिकवतात, समोर बसवून नाही. हिचे टाके बघ कसे वळलेत." आईने तो मफलर सबंध उसवायला लावला. मी ढसाढसा रडले होते. त्या दिवसापासून मी शेजारपाजारच्या ज्या ज्या पोरीला शिकवलं तिला माझ्या उजव्या हाताला बसवलं, अंगाला अंग लावून. समोर कुणालाही बसवलं नाही. म्हणजे ह्यांना शिकवणारी दुसरीच कुणीतरी होती. ह्यांच्या समोर बसून, ह्यांच्या हाताकडे बघत, तोंडाकडे बघत. म्हटलं, बरोबर, लोकरवाली!

लोकरवालीचं दुकान आमच्या रस्त्याच्या टोकाला, औषधवाल्याच्या पलीकडे. बाई विधवा, गोरी, बोलायला गोड. हे हल्ली लोकर आणायला स्वतः जातात, मला म्हणतात, तू कशाला जिना चढ-उतर करतेस. गेले की तासाभराने येतात. मी न्हाणीघरातून निघाले ती पायांत चपला घालूनच. "कुठे निघालीस?" ह्यांनी विचारलं. "लोकर आणायला." "अगं, घरात तीन गुंडे आहेत." "मला चौथा पाहिजे!" हे उठायला लागले, "थांब, मी येतो." "खबरदार," मी म्हटलं. जिना उतरताना मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. सत्तरीच्या घरातल्या बाईला नवऱ्याचं काहीतरी बाहेर आहे असा संशय यावा आणि तिला बरं वाटावं! पण वाटत होतं. त्या तीन दुरुस्त्यांपेक्षा मला लोकरवाली परवडत होती. तिच्याशी भांडता आलं असतं.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ती गल्ल्यामागे बसून लडीचा गुंडा करत होती. मला बघून उठली. "या काकू, आज तुम्ही एकट्याच?" मी सरळ विषयाला हात घातला. "आमच्या ह्यांना विणायला तुम्ही शिकवलंत का?" तिने गुंडा खाली ठेवला. माझ्याकडे असं बघितलं की मला त्या बघण्याचाच आधी राग आला. "मी नाही हो काकू," ती सावकाश म्हणाली. "मी काय शिकवणार. तुम्ही दोघं मिळून आला होता ना, थंडीत? काकांसाठी सुया तुम्हीच निवडल्यात. मी बांबूच्या दाखवल्या तर तुम्ही म्हणालात, नको, धातूच्याच द्या, ह्यांचे हात धातूला सरावलेत. आठ नंबरच्या घेतल्यात. आणि त्यांना पहिले टाके तुम्हीच घालून दिलेत, इथेच, ह्या स्टुलावर बसून. काका समोर उभे होते. आम्ही किती हसलो होतो, काकांच्या कपाळाला घाम फुटला होता." मी त्या स्टुलाकडे बघितलं. लाकडी, तीन पायांचं, एका पायाखाली पुठ्ठा सारलेला. मी ते स्टूल जन्मात पहिल्यांदा बघत होते. "हो, हो," मी म्हटलं. "विसरलेच बघा." आणि तिने मान डोलावली, इतकी मायेने की मला तिच्या दुकानातल्या सगळ्या लड्या रस्त्यावर फेकून द्याव्याशा वाटल्या. ती मघाशी 'एकट्याच' असं का म्हणाली ते आता कळलं. मला एकटीला सोडत नाहीत, हे रस्त्याच्या टोकाच्या दुकानाला माहीत होतं. मला नव्हतं.

परत येताना मी औषधवाल्याच्या पायरीवर टेकले. आठवायचा प्रयत्न केला. विसरलेली गोष्ट कशी असते ते मला माहीत आहे. ती जिभेवर येते, मागे सरते, तिचं पहिलं अक्षर आठवतं, तिचा रंग आठवतो. इथे तसलं काही नव्हतं. थंडी, दुकान, स्टूल, धातूच्या सुया, ह्यांच्या कपाळावरचा घाम, ह्यातलं काहीही धूसर म्हणूनसुद्धा नव्हतं. फाटलेलं पान असतं तर फाटल्याची कड राहते. इथे पानांचे आकडेसुद्धा ओळीने बरोबर लागत होते, हिवाळा, मग उन्हाळा, मग आज, मध्ये काही गेलंय अशी शंका यायला जागाच नाही. हेच भयंकर होतं. चुकीचा वास येणारी बाई मी, आणि माझ्या नाकाखालून सबंध दिवसच्या दिवस गेले आणि मला वास आला नाही. किती गेले असतील? दोन? शंभर? लेकीचे फोन आठवले. "आई, आज काय वाचलंस? कालचं पुढे काय झालं?" मी चिडायचे, ही काय माझी परीक्षा घेतेस का म्हणून. परीक्षाच होती ती! समोरून माणसं जात होती, पिशव्या, सायकली, एक बाई पोराला ओढत नेत होती. औषधवाल्याने आतून वाकून विचारलं, "काकांना फोन करू का?" म्हणजे ह्यालाही माहीत होतं.

घरी आले तर दार उघडंच. हे गॅलरीत होते, पाठमोरे, आणि झाडांना पाणी घालायची झारी कपड्यांच्या टोपलीमागे लपवत होते. ही झारी रोज नऊनंतर गायब होते. काल मी विचारलं तर हे म्हणाले, गळत होती, दुरुस्तीला दिलीय. झारी दुरुस्तीला! आणि मी मान्य केलं होतं. मी दारातच उभी राहून माझ्या कुंड्यांकडे बघितलं. टोमॅटो, पुदिना, लाल फुलांचं जिरेनियम. जिरेनियमचं खोड कोवळं होतं, पेन्सिलीएवढं. माझं जिरेनियम सहा वर्षांचं आहे. त्याचं खोड अंगठ्याएवढं, खाली गाठ. हे ते नव्हतं. कितवं होतं हे? घातलेलं पाणी विसरून परत परत घालून किती कुजवली मी? रोज सकाळी मी त्याच्याशी बोलते, त्याची पिकली पानं खुडते, वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखी. मी आत गेले आणि उशीजवळचं पुस्तक उचललं. दीपगृहाच्या रखवालदाराची जाडजूड कादंबरी, साठाव्या पानावर खूण. पुढची पानं मी कधी उघडलीच नव्हती, पुढचं आधी बघायचं नाही हा माझा नियम. उघडली. पासष्टाव्या पानावर पेन्सिलची खूण, ऱ्हस्वाचं दीर्घ केलेलं. ऐंशीव्यावर एक. दोनशे दहावर दोन. माझ्याच खुणा, छापखान्यातल्या, समासात, टोक वर वळवलेल्या. शेवटच्या पानाखाली माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शेवट पटला नाही.' त्याच्याखाली, जरा थकलेल्या अक्षरात, पुन्हा, 'शेवट पटला नाही.'

"अहो," मी हाक मारली. हे आले. हातात अजून ओला फडका होता. मी पलंगावर बसले होते, पुस्तक मांडीवर, स्वेटर शेजारी.

"तुम्हाला विणायला कोणी शिकवलं?"

ह्यांनी फडका दोनदा घडी घातला. मग खुर्ची ओढून समोर बसले. "तू," म्हणाले.

"कधी?"

"मागच्या हिवाळ्यात. डॉक्टरांकडून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मला काय झालंय?"

ह्यांनी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, ते इथे लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांनी मला घड्याळ काढायला सांगितलं होतं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं होतं. "आणि तू त्यांच्या छापील फॉर्ममधल्या दोन चुका काढून दिल्यास," हे म्हणाले. "घड्याळ मात्र..."

"मग शिकण्याचं काय खूळ काढलंत?"

"मी नाही, तू काढलंस. तू म्हणालीस, चुका माझ्या डोळ्याला दिसल्या तर मी विणणं सोडून देईन. वाचन सोडेन, झाडं सोडेन. स्वतःला ओळखते मी, म्हणालीस. सोडलं की मी संपले. तेव्हा तुम्ही शिका, मी झोपले की उसवा, नीट करा, मला कळू देऊ नका. आणि कळलंच, मी स्वतः विचारलं, तर मात्र खरं सांगा. तेही तूच ठरवलंस."

"खरं सांगायचं होतं तर ती झारी कुठे दुरुस्तीला दिली होती?"

"झारीचं ठरलं नव्हतं," हे ओशाळून म्हणाले. "ते माझं मी."

मला रडायला येत होतं आणि मी ते अडवत होते, कारण अजून माझे प्रश्न संपले नव्हते. "मग मी तुम्हाला साधं शेजारी का नाही बसवलं? समोर बसून शिकलेला माणूस उलटा शिकतो, एवढंही मी विसरले होते का?"

"नव्हतीस विसरली. पहिलंच ते सांगितलंस. मी खुर्ची उचलून शेजारी आणत होतो तर तू म्हणालीस, नको, समोरच बसा, उलटं झालं तर होऊ दे. मला तुमचं तोंड दिसलं पाहिजे."

बाहेर खालच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं. हे माझ्या हाताकडे बघत होते, स्वेटरकडे. मला त्यांची दुपार दिसायला लागली. मी आत घोरतेय, आणि हा सत्तरीतला माणूस डोळ्याला दातांचं भिंग लावून, ओठ हलवत टाके मोजतोय, माझी चूक शोधतोय, उसवतोय, घड्याळाकडे बघतोय, चारच्या आत व्हायला हवं म्हणून. रोज. आणि हा स्वेटर ह्यांच्याच मापाचा, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. म्हणजे मी ह्यांच्यासाठी विणतेय म्हणता म्हणता अर्धा ह्यांनीच विणलाय. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि त्यांच्या थोबाडीतही द्यावीशी वाटली, दोन्ही एकदमच, आणि मी जागची हलले नाही.

"मी हे पहिल्यांदा विचारतेय का?" मी म्हटलं.

हे नाही म्हणाले.

"कितवी वेळ?"

"चौथी."

"मागे काय केलं मी?"

"पहिल्यांदा रडलीस. दुसऱ्यांदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्यांदा हसलीस. म्हणालीस, तुमची वीण माझ्यापेक्षा बरी आहे."

"खोटं! असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही."

"तेही म्हणालीस मग," हे म्हणाले, आणि हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी फडक्याने पुसलं. झाडांच्या फडक्याने. गालाला माती लागली. मी पदराने ती पुसली.

मग मी स्वेटर उचलला. त्यातले सगळे घट्ट पट्टे एकेक करून चाचपले. खूप होते. आणि मला अचानक कळलं की मला काय नकोय. चुकणं मला नकोय, विसरणं नकोय, पण ह्या सगळ्यापेक्षा मला हे नकोय की मी जिथे जिथे चुकले तिथे तिथे मी उरलेच नाही. चूक तर चूक, ती माझ्या हाताने झाली होती. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका खोडल्या आणि कधी विचार केला नाही की खोडलेल्या जागी आधी कुणीतरी होतं. "ऐका," मी म्हटलं, "आजपासून उसवायचं नाही. वेणी उलटी वळली तर वळू दे. टाका गळला तर भोक राहू दे. तुम्ही घाला तो स्वेटर तसाच, भोकांसकट. लोक हसले तर सांगा, बायकोने विणलाय."

ह्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले.

त्या 'बरं'मध्ये मला काहीतरी सरावाचं वाटलं. "हे मी आधी कधी म्हटलंय का?" मी विचारलं. "मागच्या तीन वेळांत? खरं सांगा. हे मी आजच म्हणतेय ना?"

"आजच," हे म्हणाले. "हे नवीन आहे."

खोटं बोलताना हे काहीतरी करतात. एकच, ठरलेलं, बारीकसं. कान ओढतात, की खिडकीकडे बघतात, की बोलायच्या आधी ओठ मिटतात. लग्नाच्या पहिल्या महिन्यात ते माझ्या ध्यानात आलं आणि तेव्हापासून मी ह्यांना प्रत्येक वेळी त्यावरून पकडलं. ह्यांना आजवर कळलेलं नाही मी कशावरून पकडते. मी चष्मा नीट केला. "परत म्हणा," मी म्हटलं.

"हे नवीन आहे," हे परत म्हणाले. म्हणताना कानाला हात लावला, खिडकीकडे बघितलं, ओठ मिटले. त्यातलं कुठलं ते, मला आठवेना.